दीड दिवसाचे पालकत्व

रात्रभर वादळी पाऊस झाला होता. सकाळी झुडपाखाली बुलबुलचे घरटे उलटे पडलेले दिसले. त्यातले एक पिल्लू गेले होते. दुसरे ओल्या पाचोळ्यात निपचित पडले होते, पण उचलल्यावर त्याने मान किंचित हलवली. त्याच्या पाठीवर पिसांच्या काळसर नळ्या नुकत्याच फुटू लागल्या होत्या, डोळे जेमतेम किलकिले झाले होते आणि पोट इतके गार लागत होते की मी घाबरून गेले.

त्या घाईत माझ्या हातून चूक झाली. पिल्लू तहानलेले असेल असे समजून मी ड्रॉपरने पाण्याचा थेंब त्याच्या चोचीत सोडला. त्याने मान झटकली आणि नाकपुडीवर पाण्याचा बुडबुडा आला. पक्ष्यांच्या पुनर्वसनाचे काम अनेक वर्षे करणाऱ्या एका बाईंना मी लगेच फोन केला. पिल्लाच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते, त्यामुळे चोचीत सोडलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते, आणि घरट्यातल्या पिल्लाला लागणारे पाणी त्याला अन्नातूनच मिळते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. "आता काहीही भरवू नका. आधी ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही," एवढे त्यांनी दोनदा बजावले.

लहान वाडग्यात टिश्यू पेपर दाबून मी घरट्यासारखा खळगा केला आणि तो खोक्यात ठेवून शेजारी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. पिल्लू चोच उघडून धापा टाकू लागले तर उष्णता जास्त झाली असे समजायचे होते. तासाभराने त्याचे पोट माझ्या बोटाला उबदार लागले. मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी वाडग्याच्या कडेवर हलकेच टिचकी मारली. आई घरट्याच्या काठावर उतरल्यावर बसावा तसा तो हादरा होता. त्यासरशी ती लोळागोळा मान ताठ उभी राहिली आणि एवढ्याशा जिवाने आतला लालबुंद घसा दिसेल इतका मोठा आ वासला. तो क्षण मी विसरू शकत नाही.

मांजराचे कोरडे खाद्य पाण्यात भिजवून, मऊ करून आणि जास्तीचे पाणी निथळून मी बोथट चिमट्याने त्याचे मटाराहून लहान घास भरवले. दूध आणि पाव पक्ष्याच्या पिल्लाला चालत नाहीत, हेही मला त्याच दिवशी कळले. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने भरवायचे असते. ऐकायला सोपे वाटले, तरी दुपारपर्यंत मला दुसरे कोणतेही काम सुचत नव्हते. प्रत्येक घासानंतर पिल्लू मागे वळून शेपटीकडचा भाग उंच करी आणि पातळ, पांढऱ्या पिशवीत बांधलेली विष्ठा बाहेर टाके. पालक पक्षी ती चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. मी ती टिश्यूने उचलत होते. ती पिशवी घट्ट आणि स्वच्छ असणे हे पचन ठीक असल्याचे लक्षण होते, म्हणून मी दर वेळी ती निरखून पाहत असे. त्याच्याशी बोलायचा, त्याला कुरवाळायचा मोह होई, पण माणसाची सवय लागलेले पिल्लू पुढे जंगली आयुष्याला मुकते, म्हणून भरवून झाले की मी खोक्यावर फडके टाकत होते.

दिवसभर पाऊस थांबला नाही आणि त्या पावसातही त्याचे आईबाप झुडपावर येऊन ओरडत राहिले. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, असे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते खरे नाही, पालक दुसऱ्या दिवशीही पिल्लाला स्वीकारतात, असे बाईंनी खात्रीने सांगितले. मग दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरताच, पाणी निथळून जाईल अशी तळाला भोके असलेली छोटी टोपली वाळक्या गवताने भरून मी त्याच झुडपात, जुन्या जागेला लागूनच पक्की बांधली. पिल्लू त्यात ठेवून मी खिडकीच्या पडद्याआड बसले.

एक बुलबुल चोचीत हिरवी अळी धरून आला, टोपलीकडे पाहिले आणि उडून गेला. असे तीनदा झाले. सव्वा तास उलटल्यावर मी उठणार, तेवढ्यात तो टोपलीच्या काठावर उतरला. टोपली किंचित हलली आणि आतून तीच ताठ मान वर आली.

आठवड्याभराने पिल्लू टोपली सोडून खालच्या फांदीवर येऊन बसले. शेपूट आखूड होती आणि उडणे अजून नीट जमत नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्यांना ते पडलेले वाटे. एकाने उचलायला हात पुढेही केला. पिसे फुटलेले पिल्लू असेच बाहेर पडते आणि पालक त्याला तिथेच भरवत राहतात, हे सांगून मी त्याला थांबवले. आम्ही दोघे मागे सरलो. थोड्याच वेळात आईने त्याच्या चोचीत एक पिकले फळ कोंबले.