तुम्ही विचारलंत म्हणून: केमोमध्ये पांढऱ्या पेशी वाढवायला काय खावं?

केमोथेरपीच्या माझ्या सहा सायकल, म्हणजे उपचारांच्या फेऱ्या, पूर्ण झाल्यापासून हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या घरी बहुधा कुणाचे तरी उपचार नुकतेच सुरू झालेले असतात, म्हणून नीट उत्तर देते.

माझा काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या, खाण्याने वाढला नाही. केमोची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात, आणि अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, रक्त घडवणाऱ्या पेशीही सतत विभागत असतात. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, त्यामुळे त्यांची तूट सावकाश जाणवते. जंतूंशी आधी झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मात्र रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात, म्हणून मज्जेचे काम मंदावले की पहिली घसरण त्यांचीच होते. बहुतेक औषधांत डोस दिल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान काउंट तळाला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सावरतो. दोन सायकलींत अनेकदा तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात, ते यासाठीच.

फसगत होते ती इथे. दहाव्या दिवशी मळमळ ओसरलेली असते, भूक लागते, माणसांत मिसळावेसे वाटते, आणि नेमका तेव्हाच काउंट तळाला असू शकतो. माझ्या एका रिपोर्टवर दर मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी 1,800 आणि त्यांत न्यूट्रोफिल 20 टक्के, म्हणजे प्रत्यक्षात अवघ्या 360 होत्या. 500 च्या खाली धोका गंभीर मानतात. म्हणून नुसता एकूण आकडा न पाहता हा गुणाकार अवश्य करावा.

त्याच रात्री मला 100.6 अंश फॅरनहाइट ताप आला. घसा दुखत नव्हता, सुई टोचल्या जागी लाली नव्हती, पू नव्हता. पू मुख्यतः न्यूट्रोफिलांचाच बनतो. त्याच नसतील तर संसर्ग खुणा न दाखवता पसरू शकतो. अशा काळात 100.4 किंवा त्याहून अधिक ताप म्हणजे लगेच रुग्णालय गाठायचे; परस्पर पॅरासिटामॉल घेऊन ताप दडवायचा नाही की सकाळची वाट पाहायची नाही. मला पोहोचताच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केले. पुढच्या सायकलनंतर चोवीस तास उलटल्यावर मज्जेला चालना देणारे जी-सीएसएफचे इंजेक्शन मिळाले. कंबरेची हाडे दोन दिवस ठणकली, पण त्या वेळी काउंट एवढा खाली गेला नाही.

खाणे स्वच्छ, ताजे शिजवलेले आणि पुरेसे असावे, शरीराला उपचार पेलण्यासाठी ते लागतेच. पण आहाराची यादी मागणाऱ्याला मी आधी विचारते: घरात थर्मामीटर आहे का, आणि रात्री दोन वाजता रुग्णालयात कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे का?