आमची वाटचाल: हुपरी ते ह्यूस्टन, मेक्सिकोच्या चांदीमार्गे

आमचं मूळ गाव हुपरी. कोल्हापूरकडच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, चांदीचं गाव आहे, गल्लीगल्लीत पैंजण, करगोटे, जोडवी, आणि दर दुसऱ्या घरात कुणीतरी मान खाली घालून घुंगरू जोडत बसलेलं असतं. आमच्या घरात पण तेच. त्यामुळं टंच (चांदीची शुद्धता), घट (वितळवताना होणारी तूट), मजुरी हे शब्द मला बाराखडीच्या आधी आले असतील. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसलेली, चांदी वजनावर घ्यायची आणि वजनावर द्यायची, मजुरी एकदा दिली की गेली, दागिना मोडीला घातला तरी ती परत येत नाही.

आता हे सगळं घेऊन माणूस टेक्सासात येतो, सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि वर मेक्सिकन चांदीच्या नाण्यांचं दुकान टाकतो म्हटल्यावर लोक विचारणारच, हे कसं काय झालं. तर सांगतो.

ऑफिसात मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराचा एक जण होता माझ्या बाजूला. २०१० ची दिवाळी, मी लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं डेस्कवर ठेवलेलं, ते बघून दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच्याकडचं आणलं. मेक्सिकोचं सरकारी चांदीचं नाणं, एक औंसाची लिबर्टाड, १९८२ ची. हातात घेतली आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर उलटी सुलटी करून किंमत शोधली. नव्हतीच! एका बाजूला पंखवाली बाई, मागं दोन डोंगर, खाली '१ औंस, शुद्ध चांदी, ९९९', दुसऱ्या बाजूला साप धरलेला गरुड. पेसो वगैरे काहीच नाही. मी म्हटलं अरे हे नाणं नाही, हा तर गोल केलेला चांदीचा पाट, म्हणजे लगड आहे. तो हसला आणि म्हणाला की आमच्याकडं बांको दे मेक्सिको, म्हणजे आमची मध्यवर्ती बँक, रोज तिचा भाव जाहीर करते, आज जो भाव तीच किंमत. मला ते लई आवडलं. रोज भाव बदलणारं सरकारी नाणं, म्हणजे आमच्या सराफ कट्ट्यावरचा बोर्ड जणू नाण्यावरच लावलाय.

ती पंखवाली बाई म्हणजे मेक्सिको सिटीतल्या रिफॉर्मा रस्त्यावरच्या खांबावरची विजयदेवता. लोक तिला 'एल आंखेल' म्हणतात, म्हणजे देवदूत. खांब १९१० चा, स्वातंत्र्ययुद्धाला १०० वर्षं झाली म्हणून उभा केलेला, आणि १९५७ च्या भूकंपात ती बाई वरून खाली पडली होती, परत दुरुस्त करून चढवली. मागचे डोंगर पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल, दोन ज्वालामुखी. ही नावं नीट म्हणायला मला दोन वर्षं लागली आणि अजून गिऱ्हाईक हसतं.

धंद्याला सुरुवात केली ती बरोब्बर चुकीच्या वेळेला. एप्रिल २०११. चांदी रोज वर, औंसाला ५० डॉलरच्या जवळ, सगळे म्हणत होते १०० होणार. मी साठवलेल्यातले १० हजार डॉलर काढले आणि ८ ट्यूब उचलल्या, एका ट्यूबमध्ये २५ नाणी, म्हणजे २०० लिबर्टाड, सगळं धरून ५० च्या भावानं. विचार असा की कॉइन शोला, म्हणजे नाण्यांच्या बाजारात, टेबल घ्यायचं आणि दोन दोन डॉलर सुटले तरी बास. मेचा पहिला आठवडा संपेपर्यंत चांदी ३५ वर. बायकोला चार दिवस सांगितलं नाही. पाचव्या दिवशी तिनंच फोनवर बातमी बघून विचारलं, "अहो, आपण घेतली ती हीच का?"

हीच.

पाच ट्यूब तोट्यात विकल्या, हळूहळू, शनिवार रविवारी शोमध्ये बसून. तीन ठेवल्या, तेव्हा जिद्दीनं आणि नंतर विसरून. २०१५ च्या शेवटी चांदी १४ च्याही खाली गेली होती तेव्हा त्या ट्यूबकडं बघवत नव्हतं. ऑक्टोबर २०२५ ला भाव ५० च्या वर गेला म्हणजे १४ वर्षांनी मुद्दल सुटलं, व्याज शून्य. गावातल्या पतसंस्थेत ठेवले असते तरी बरं झालं असतं. हे मी गिऱ्हाइकाला पण सांगतो, पार पहिल्याच भेटीत, काही जण ऐकून निघून जातात, जाऊ देत.

पण त्या शोमध्ये बसल्यामुळं खरं शिक्षण झालं. मला वाटायचं एक औंस म्हणजे एक औंस. तिथं शेजारच्या टेबलावर एक म्हातारा अमेरिकन माणूस एकाच वजनाच्या दोन लिबर्टाडला दोन वेगळे भाव सांगायचा, एक साध्या भावाला, दुसरी कितीतरी पटीनं. विचारलं तर म्हणाला, साल बघ. मग कळलं. १९८२ ला पहिल्या वर्षी १० लाखांच्या वर पाडलेली, १९९२ ला जवळजवळ २५ लाख, आणि १९९८ ला फक्त ६७ हजार. चांदी तीच, टंच तोच, बाई तीच, डोंगर तेच.

हुपरीला घरी आण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "साल बघून चांदी? तांदूळ हाय व्हय जुना का नवा बघायला?"

आणि आता माझ्या वेडेपणाची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय ही वाटचाल खोटी ठरेल. २०१२ ला एका घरातून जुन्या नाण्यांचा लॉट घेतला, त्यात एक १९९८ ची निघाली. काळसर पडलेली, कडेनं निळी जांभळी झाक. मी खूश. घरी आलो, आणि हुपरीच्या पोरानं जे करायचं तेच केलं, रिठे कोमट पाण्यात भिजवले, फेस काढला, पितळी ब्रश घेतला आणि घासली. काय चकाकली म्हणून सांगू! पैंजण असतं तर आण्णांनी पाठ थोपटली असती. रविवारी त्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवली, त्यानं भिंग लावलं, दिव्याखाली तिरकी केली, आणि काही न बोलता माझ्याकडं परत सरकवली. मग हळूच म्हणाला, आता ही फक्त एक औंस चांदी आहे. त्या निळ्या जांभळ्या झाकेलाच गिऱ्हाईक होतं. ब्रशचे ओरखडे भिंगातून असे दिसत होते जसं काही कुणी अंगण झाडलंय. साधारण एका महिन्याचा किराणा मी रिठ्याच्या पाण्यात धुऊन टाकला.

तेव्हापासून आमच्या दुकानात नियम एकच, नाणं घासायचं नाही, पुसायचं पण नाही, कडेनंच धरायचं. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात राहून हिरवट चिकट थर आला असेल तर तेवढं ॲसिटोनमध्ये बुडवून काढतो, तेही न चोळता. आणि नवीन नाण्यावर जे दुधासारखे पांढरे ठिपके येतात त्याला तर काहीच करत नाही, तो लिबर्टाडचा जुना रोग आहे, गिऱ्हाइकाला आधीच दाखवून देतो.

दुकान २०१४ ला टाकलं. त्याच्या आधीच्या वर्षी ऑक्टोबरपासून टेक्सासनं बुलियनवरचा, म्हणजे सोन्याचांदीची नाणी, विटा यांच्यावरचा सेल्स टॅक्स पूर्ण काढला होता, आधी १००० डॉलरच्या आतल्या खरेदीवर लागायचा, म्हणजे एक दोन नाणी घेणाऱ्या गरिबालाच तो भुर्दंड. तो गेला आणि आमच्यासारख्या छोट्याला जागा झाली. जागा म्हणजे तरी काय, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला टॉर्टियाची बेकरी, मध्ये आम्ही, दहा बाय अठरा, एक तिजोरी, एक वजनकाटा, आणि खाली जाड काच असलेलं काउंटर. बायकोनं हिशोब आणि कागदपत्रं घेतली, १० हजार डॉलरच्या वर रोख आली की जो फॉर्म भरावा लागतो तो ती समोरच्या माणसाला इतक्या गोड आवाजात समजावते की कुणी चिडत नाही. मी समजावलं की चिडतात.

गिऱ्हाईक आलं ते बेकरीमुळं. सकाळी टॉर्टिया घ्यायला येणाऱ्या मेक्सिकन आज्या दारातून डोकावायच्या आणि विचारायच्या, ओन्सा घेता का? त्या लिबर्टाड म्हणत नाहीत, ओन्सा म्हणतात, म्हणजे औंस. रुमालाच्या गाठीतून काढायच्या, अगदी आमच्या आजीच्या चंचीसारखं. कुणाला मुलाच्या बारशाला मिळालेली, कुणी दरवर्षी एक घेऊन ठेवलेली. काही जणींकडं लिबर्टाडच्याही आधीची असायची, १९४९ ची तराजूवाली, ती ९२५ टंचाची, म्हणून वजन ३३ ग्रॅमच्या वर, आत शुद्ध चांदी बरोबर एक औंस. पहिल्यांदा ती काट्यावर ठेवली तेव्हा मला वाटलं काटाच बिघडला.

एक बाई २०१८ ला आल्या होत्या, मुलीच्या लग्नाला 'आर्रास' पाहिजेत म्हणून. त्यांच्यात लग्नात नवरा नवरीच्या ओंजळीत १३ नाणी ओततो. (१३ हा आकडा आपण लग्नात धरला असता का, पण त्यांचं तसं आहे.) त्यांना एक दशांश औंसाच्या लिबर्टाड हव्या होत्या आणि सगळ्या १९९४ च्या, मुलीच्या जन्माच्या. ही छोटी मापं १९९१ पासून निघायला लागली, पण एकाच सालाची १३ गोळा करणं म्हणजे काय ते बायकोलाच माहीत, दोन महिने ती फोनला चिकटलेली. नऊ मिळाली. उरलेली चार लग्नाच्या सालाची घातली, १९९४ आणि २०१८, आणि त्या बाईंना ते इतकं पटलं की नंतर त्यांच्या ओळखीतली चार पाच लग्नं आमच्याकडं आली. फायदा म्हणाल तर त्या तेरा नाण्यांत पेट्रोलचे पण सुटले नाहीत.

खोट्या मालाचा फटका पण एकदा बसलाय. शनिवारी गर्दीत एकानं १९८५, ८६ ची पाच नाणी आणली, मी तीन तपासली आणि पाचाचे पैसे दिले. उरलेली दोन मुलामा दिलेली निघाली. आता लोक म्हणतात चुंबक लावा, पण तांब्यावर पण चुंबक चांदीसारखाच हळू घसरतो, नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. खरी परीक्षा सोपी आहे, चांदीपेक्षा तांबं पितळ हलकं असतं, त्यामुळं खोटं करणाऱ्यानं वजन जमवलं तर जाडी वाढते आणि जाडी जमवली तर वजन मार खातं. दोन्ही मोजा. आणि हो, १९९५ पर्यंतचं नाणं ३६ मिलिमीटर, १९९६ पासून ४०, वजन तेच ३१.१ ग्रॅम. जुनं नाणं लहान दिसतं म्हणून ते खोटं नसतं, हे आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागतंच. आण्णा इथं आले होते तेव्हा त्यांनी काटा बघितलाच नाही, ती दोन नाणी बोटाच्या टोकावर धरून टिचकी मारली आणि म्हणाले, "नाद न्हाई ह्येला." एका सेकंदात.

पण आण्णांचं सगळंच बरोबर असं नाही हं. त्यांनीच पहिल्या दिवशी विचारलं होतं की सगळी एकदा उजळून का ठेवत नाहीस, शोकेसला शोभतील.

मार्च २०२० विसरणार नाही. पडद्यावर चांदी १२ डॉलरच्या खाली आणि बाजारात नाणंच नाही. आमचा होलसेलवाला म्हणाला माल कधी येईल सांगता येत नाही, आणि आमच्याकडं जो होता तो २० च्या आसपास जात होता. एक जुना गिऱ्हाईक दारातून ओरडून गेला की तुम्ही लुटारू आहात. काय सांगणार त्याला? पडद्यावरचा भाव कागदी चांदीचा, म्हणजे नुसत्या सौद्यांचा, हातातल्या चांदीला हात लागतात, तोच तो मजुरीचा प्रश्न. त्या वर्षी एक औंसाच्या साध्या लिबर्टाड पाडल्या गेल्या फक्त ३ लाख, अमेरिकेचं चांदीचं नाणं ईगल त्याच वर्षी ३ कोटींच्या घरात. आज २०२० ची घेऊन आलात तर मी स्वतः भावाच्या वर देतो, म्हणजे मजुरी परत येते कधी कधी. हे आण्णांना अजून पटलेलं नाही.

काउंटरच्या काचेखाली एक नाणं ठेवलंय ते विकायचं नाही. मेक्सिकोचं जुनं ८ रियालचं, टोपी आणि किरणांचं चित्र असलेलं, अंगभर चिनी सराफांचे बारीक शिक्के मारलेलं. मेक्सिकोची टांकसाळ १५३५ ची, अमेरिका खंडातली सगळ्यात जुनी, आणि तिची चांदी मनिलामार्गे चीनला, आणि युरोपमार्गे अरबी समुद्रातून सुरतेला जायची, सुरतेच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये व्हायचे. अमेरिकेत तर १८५७ पर्यंत हीच नाणी कायदेशीर चालायची. कधी कधी वाटतं हुपरीत आमच्या आटणीत वितळायला जुनी मोड यायची तिच्यातली थोडी तरी इकडनंच गेलेली असेल. असेल की.

सध्या दुकानात आम्ही दोघं आणि एक पोरगा, त्याचे आईवडील मोंतेरेयचे. घासलेली १९९८ ची अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देतो, भिंग देतो आणि विचारतो काय दिसतंय. त्यानं बघितलं, ओरखडे ओळखले, शाबास म्हटलं. मग विचारलं कशानं घासली होती. आता रिठ्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? झाडाचं फळ, वाळवायचं, भिजवायचं, फेस येतो, असं सगळं हातवारे करून सांगितलं, शेवटी दमून म्हटलं 'हाबोन', साबण रे बाबा. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, तुम्ही १९९८ ची साबणानं धुतली?