बल्बकडून बॅटरीकडे : आमची वाटचाल

दुचाकींच्या दिव्यांचे काम करणाऱ्या आमच्या कार्यशाळेत येणारा नवा ग्राहक बहुधा एकच मागणी घेऊन येतो : रात्री नीट दिसत नाही, मोठा बल्ब टाका. त्यावर आम्ही बल्बाऐवजी व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर बाहेर काढतो आणि त्याच्या चेहऱ्यावर नाराजी उमटते. ती नाराजी पाहण्याची सवय आम्हाला पहिल्या वर्षापासून आहे. या हट्टापायी आम्ही बरेच ग्राहक गमावले आणि एकदा तर कार्यशाळेला कुलूप लावण्याची वेळ आली होती. वाटचाल लिहायला बसलो तेव्हा घरच्यांचे म्हणणे पडले की तो जळक्या गाडीचा प्रसंग वगळावा. परंतु तो वगळला तर लिहिण्यासारखे फारसे उरत नाही.

सुरुवातीला आम्ही दोघे होतो. माझे भागीदार मूळचे मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटरची तार पुन्हा गुंडाळण्याचे, कारागीर. तांब्याची तार चिमटीत धरून ते तिची जाडी सांगत आणि मी मागाहून मायक्रोमीटर लावून ती पडताळून पाहत असे; बहुतेक वेळा तेच बरोबर निघत, हे आज लेखी कबूल करतो. त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नसे. मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या वीजजनित्राच्या, कॉइलमधला एसी प्रवाह थेट बल्बकडे जाई, त्यामुळे इंजिन आयडलवर (जागच्या मंद गतीवर) आले की दिवा मिणमिणे आणि खड्डा आला म्हणून गाडी हळू करावी तर नेमका तेव्हाच खड्डा दिसेनासा होई. भागीदारांचा उपाय नवा नव्हता, पण काम स्वच्छ असे. कॉइलचे अर्थ केलेले, म्हणजे गाडीच्या फ्रेमला जोडलेले, टोक सोडवायचे, दोन्ही टोके बाहेर घ्यायची, एसीचा पूर्ण प्रवाह डीसीत बदलून व्होल्टेज आवरणारा फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवायचा आणि दिव्याचा सगळा भार बॅटरीवर आणायचा. हे काम अर्धे करून चालत नाही. कॉइलचे एक टोक अर्थला तसेच ठेवून वर फुल-वेव्ह युनिट लावणारे आजही भेटतात, आणि मग युनिट जळाले की युनिट बनवणाऱ्याला नावे ठेवतात.

आमच्या धंद्याला वळण लावणारे ग्राहक मात्र बॅटरीवर चालणारी, एच-४ बल्बची, म्हणजे दूरचा झोत (अप्पर) आणि जवळचा झोत (डिपर) अशा दोन फिलामेंटच्या बल्बची, गाडी घेऊन आले होते. ते मोबाईल मनोऱ्यांच्या दुरुस्तीचे काम करत. बिघाड रात्रीच होतात आणि मनोरे वस्तीपासून दूर असतात, म्हणून त्यांची गाडी दिवसापेक्षा रात्री अधिक चालत असे. बल्ब नवा होता, रिफ्लेक्टरची चकाकी शाबूत होती, काच स्वच्छ होती, तरीही उजेड पिवळट आणि थकलेला. इंजिन चालू ठेवून, दिवा लावलेला असताना मी बॅटरीवर मीटर धरला : १३.८ व्होल्ट. तसाच तो होल्डरच्या मागच्या पिनांवर धरला : ११.९. उरलेले जवळजवळ दोन व्होल्ट इग्निशनचा स्विच, डिपरचा स्विच, चार-पाच कपलर (वायरींचे जोड) आणि केसासारखी बारीक वायर यांनी वाटेत खाल्ले होते. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे कमी-जास्त होतो, त्यामुळे व्होल्टेजमध्ये १४ टक्के घट झाली की प्रकाश सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. ही तपासणी दिवा जळत असतानाच करावी. बल्ब काढून मापले, तर प्रवाहच वाहत नसल्यामुळे घट दिसत नाही आणि मीटर साळसूदपणे पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

त्या गाडीला आम्ही पहिला रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवला. जुन्या वायरने फक्त रिलेची कॉइल ओढायची, ८५ आणि ८६ या पिनांवर. बॅटरीतून निघालेली जाड वायर फ्यूजमधून ३० वर आणायची आणि ८७ वरून थेट बल्बकडे न्यायची. अप्परला एक, डिपरला एक. दोन्हींना १० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी दुसरा बीम शिल्लक राहतो. बल्बचे अर्थिंगही फ्रेमच्या गंजक्या बोल्टवर न सोडता बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेले. होल्डरवर १३.५ व्होल्ट आले आणि त्याच ५५ वॉटच्या फिलामेंटने पूर्वीच्या दीडपट प्रकाश दिला. ग्राहकाने विचारले, "नवा बल्ब कोणता टाकलात?" मी म्हणालो, "तुमचाच आहे." या उपायाने बल्बचे आयुष्य मात्र घटते, कारण वाढलेले व्होल्टेज प्रकाश वाढवते तसे फिलामेंटला भोवतेही. ते आम्ही आधी सांगत नव्हतो, नंतर सांगू लागलो.

याच कामासाठी आम्ही रॅचेटचे क्रिम्पिंग प्लायर घेतले. पूर्ण दाब बसल्याशिवाय ते जबडा सोडत नाही, त्यामुळे अर्धवट दाबलेली लग (वायरच्या टोकावर दाबून बसवायचे धातूचे टोक) हातून जाणेच शक्य नसते. साध्या पकडीने चेपलेली लग दिसायला तशीच दिसते. महिन्याभरात सैल होते, तापते, काळी पडते आणि पुन्हा व्होल्ट खाऊ लागते. हे प्लायर मी आजही कोणाला उसने देत नाही. ज्यांना द्यायला हवे होते त्यांना दिले नाही अशी टीका माझ्यावर झाली आहे, ती मला मान्य आहे.

उजेड वाढला की तो कोठे पडतो हे पाहणे आलेच. कार्यशाळेच्या मागच्या भिंतीपासून बरोबर १० मीटरवर आम्ही जमिनीवर पट्टी मारली. दिव्याचा मध्य जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल, तर डिपरच्या प्रकाशाची वरची कड भिंतीवर ७० सेंटिमीटरवर यायला हवी, म्हणजे एक टक्का उतार झाला आणि ती कड ८० मीटरवर जमिनीला टेकली. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला धोका लक्षात यायला दीड सेकंद लागला तरी तेवढ्यात ३३ मीटर जातात आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावून थांबायला आणखी चाळीसेक. म्हणजे डिपरवर याहून वेगाने जाणारा न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालत असतो. मनोऱ्यावाल्या ग्राहकांची गाडी मी रिकामीच भिंतीसमोर लावून जुळवली होती. ते तिसऱ्या दिवशी परत आले : समोरचे सगळे त्यांना अप्पर मारत होते. मागच्या कॅरिअरवर अवजारांची पेटी ठेवून, त्यांना सीटवर बसवून पाहिले, तर कड ७० वरून ८५ वर चढली होती, म्हणजे प्रकाश वरच्या दिशेने जात होता. तेव्हापासून गाडीवर नेहमीचे वजन, नेहमीचा स्वार आणि टायरमध्ये योग्य हवा असल्याशिवाय आम्ही स्क्रूला हात लावत नाही.

मग समोर दुसरी कार्यशाळा उघडली. त्यांच्याकडे भिंत नव्हती आणि मीटरही नव्हता. होते ते १००/९० वॉटचे बल्ब आणि हँडलखाली लावायच्या एलईडी पट्ट्या. संध्याकाळी ते दिवे लावून दाखवत आणि सगळा रस्ता पांढरा होई. आमच्या रांगेत उभा असलेला ग्राहक तो उजेड पाहून निघून गेलेला मी स्वतः पाहिला आहे. गाडी ३५ वॉटच्या एचएस-१ बल्बची असली, तर ते एच-४ च्या चकतीचे कान कानशीने घासून तो बल्ब त्यात बसवत. कान घासले की बल्बची बैठक जाते, फिलामेंट जागेवरून हलते आणि प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर उष्णतेने धुरकट होऊ लागतो; पण हे व्हायला काही महिने लागतात आणि ग्राहक पहिल्या संध्याकाळी खूश असतो. पुढच्या दीड वर्षात आमचे काम निम्म्याहून खाली आले. भागीदारांचे म्हणणे होते की आपणही तसे बल्ब ठेवावेत, न मागणाऱ्याला देऊ नयेत, मागणाऱ्याला द्यावेत. मी नकार दिला. ते पुन्हा रिवाइंडिंगकडे गेले. भांडण झाले नाही, पण जाताना त्यांनी आपला मायक्रोमीटर नेला नाही, याचा अर्थ मी बरेच दिवस लावत राहिलो.

त्यानंतर एका रात्री एक गाडी रस्त्यात पेटली. स्वार वेळीच उतरला, त्याला काही झाले नाही. गाडीचा पुढचा भाग आणि टाकीखालची सगळी वायरिंग कोळसा झाली. तिचे छायाचित्र सर्वांच्या मोबाईलवर फिरले आणि त्यात साइड पॅनेलवरचे आमचे स्टिकर स्वच्छ दिसत होते. रिलेचे काम आमचेच होते, आठ महिन्यांपूर्वीचे. दुसऱ्या दिवशी तीन ग्राहकांनी गाड्या आणून 'तुमचे ते रिले काढून द्या' म्हटले आणि मी ते काढून दिले. पुढच्या महिन्यात आमच्याकडे फक्त पंक्चरचे आणि हॉर्नचे काम आले.

मनोऱ्यावाल्या ग्राहकांनी त्या स्वाराला गाठले आणि जळलेल्या वायरिंगचा झुपका पिशवीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवला. आम्ही दोघे चिमट्याने एकेक वायर सोडवत बसलो. स्टिअरिंगच्या मानेपाशी आमची स्लीव्ह (वायरींवरचे संरक्षक आवरण) ब्लेडने कापलेली होती आणि तेथून एलईडी पट्टीसाठी फांदी काढलेली होती. उघडी पडलेली वायर हँडल वळेल तशी फ्रेमला घासत राहिली होती. तरीही फ्यूज उडायला हवा होता. वितळलेला होल्डर मी पकडीने फोडला, तर फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून घातलेले सापडले. त्या गाडीत आता १०० वॉटचा बल्ब होता, आणि थंड असलेला असा बल्ब पेटताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. आमचा फ्यूज वारंवार उडत असणार, आणि कोणीतरी तो प्रश्न असा कायमचा मिटवला होता.

हे सगळे मी समोरच्या कार्यशाळेत जाऊन दाखवले. त्यांनी ती तार आपली नाही असे सांगितले, आणि ती त्यांचीच आहे हे मला सिद्ध करता आले नाही, आजही येणार नाही. छायाचित्र मात्र फिरत राहिले. त्या तारेचे छायाचित्र मी काढून पाठवले, ते कोणी पुढे पाठवले नाही.

परंतु त्या झुपक्यात आमचीही एक चूक होती. फ्यूज होल्डर आम्ही टाकीखाली, बॅटरीपासून ४० सेंटिमीटरवर बसवत असू, कारण तेथे तो बसवायला सोयीचा पडतो. फ्यूज आपल्यापुढच्या वायरचे रक्षण करतो. बॅटरीपासून आपल्यापर्यंतच्या वायरचे करत नाही. त्या ४० सेंटिमीटरच्या तुकड्याचे आवरण पूर्ण गळून गेले होते. वायर मानेपाशी न घासता तेथे घासली असती, तर खरा फ्यूज असूनही गाडी जळाली असती. त्या आठवड्यात मी जुन्या वह्यांमधून नावे काढून प्रत्येक ग्राहकाला बोलावले आणि होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरात आणून दिला. बरेच जण आले, त्यांतले काही पुन्हा टिकले. दुपारच्या जेवणानंतर भागीदार न बोलावता येऊन लगा दाबत बसत. मायक्रोमीटरबद्दल आम्ही बोललो नाही.

नंतरची वर्षे सुरळीत गेली. एलईडीचे युग आले तेव्हा समोरचे दुकान बंद झालेले होते, आणि मोठ्या बल्बच्या जागी आता जास्त ल्युमेनची (प्रकाश मोजण्याचे एकक) मागणी सुरू झाली. एच-४ च्या डिपर फिलामेंटखाली एक लहानशी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते आणि म्हणूनच भिंतीवर कड उमटते. एलईडी बल्बच्या चिप्स त्या फिलामेंटच्या नेमक्या जागी नसतील, किंवा वाटीची नक्कल नीट नसेल, तर ल्युमेन कितीही असले तरी कड पसरते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडीच्या अगदी पुढ्यात लख्ख उजेड पडला की आपलीही बाहुली आकसते आणि दूरचे अधिकच काळे दिसते. म्हणून आम्ही आणलेला प्रत्येक नमुना आधी भिंतीसमोर लावतो आणि बहुतेक परत पाठवतो. जोडदिवे हवेच असतील, तर सर्व भार चालू ठेवून ३,००० आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. ते १३ च्या खाली जात असेल, तर कॉइलला तो भार झेपत नाही, आणि अशा गाडीला आम्ही एक दिवा काढायला सांगतो.

ती पिळलेली तार बाटलीत घालून मल्टिमीटरशेजारी ठेवली आहे. गेल्या महिन्यात समोरच्यांकडे पूर्वी काम करणारा मुलगा, आता तो मुलगा राहिलेला नाही, स्वतःची गाडी घेऊन आला. बाटलीकडे त्याने पाहिले, मीही काही विचारले नाही. सीट त्यानेच उघडून दिली. होल्डरमध्ये १० अँपिअरचा फ्यूज होता. दिवा लावून मी बल्बमागे मीटर धरला, तर ११.६ व्होल्ट येत होते.