फ्रा नांगच्या गुहेत काय वाहतात

सोलापूर, रथसप्तमीच्या आधीचा शुक्रवार

थायलंडच्या सहलीची आणि तिथल्या फ्रा नांग देवीच्या गुहेची मोबाइलवरची छायाचित्रे पाहता पाहता काकूंनी आज दुपारी एकच प्रश्न विचारला, ‘‘आणि तिची ओटी भरलीस का?’’ मी नाही म्हणाले आणि त्यांनी पुढचे छायाचित्र दाखव म्हणून बोट हलवले. एवढेच झाले. त्यात दुखावण्यासारखे काही नव्हते. तरीही भांडी आवरून झाली, मालिकेची वेळ टळून गेली, खालच्या बिऱ्हाडातली हळदीकुंकवाची गर्दी पांगली, आणि तो प्रश्न मात्र जागचा हलायला तयार नाही, म्हणून ही वही उघडली आहे.

त्या पावसाळ्यानंतर मला हे कोणी विचारलेले नाही. तुळजापूरला जाऊन आले तरी लोक गर्दी होती का, दर्शन नीट झाले का, एवढेच विचारतात आणि विषय सांभाळून दुसरीकडे नेतात. त्या सांभाळण्याची मला इतकी सवय झाली आहे की काकूंनी काहीही न सांभाळता विचारले तेव्हा आधी वाटले, यांच्या लक्षात राहिलेले दिसत नाही. मग वाटले, लक्षात असूनच विचारले असणार. काकूंच्या बाबतीत दोन्ही शक्य आहे. त्यांनी स्वतः कपाळ कधी मोकळे ठेवले नाही आणि त्यावर कोणाशी चर्चाही केली नाही.

शिवाय मी देवीला गेलेच नव्हते, गुहा पाहायला गेले होते, असे उत्तर मला तेव्हाच देता आले असते. ते का दिले नाही, हेच आता शोधते आहे.

थायलंडमधल्या क्राबीजवळचे रेले हे टोक तसे जमिनीलाच जोडलेले आहे, पण मध्ये चुनखडकाचे उभे कडे असे आडवे आले आहेत की तिथे रस्ता जात नाही. आओ नांगच्या किनाऱ्यावरून लांब दांड्याच्या इंजिनाच्या होडीने जावे लागते. प्रत्येक होडीच्या पुढच्या उंच टोकाला रंगीत कापडाच्या पट्ट्या आणि फुलांचे हार बांधलेले असतात. ती होडीची राखणदार, माए या नांग. तिच्यापाशी पाय ठेवायचा नाही, हे नाववाल्याने आम्ही चढण्यापूर्वीच खुणेने बजावले होते. आमच्यातली एक छायाचित्रासाठी तिथे चढलीच, तेव्हा तो काही बोलला नाही, त्याने फक्त इंजिन बंद केले आणि ती खाली उतरेपर्यंत पुन्हा चालू केले नाही. समुद्राच्या मधोमध ती शांतता फार लांबली, असे सगळ्यांनाच वाटले.

फ्रा नांगच्या किनाऱ्यावरची गुहा म्हणजे अंधारात वाकून शिरायची जागा नव्हे. कड्याचा पायथा आत पोखरला गेला आहे, वरचा दगड छपरासारखा पुढे झुकला आहे, त्यावरून लवणस्तंभ खाली उतरले आहेत आणि खाली सरळ वाळूच आहे. आपल्याकडचा दगड काळा, लाव्ह्याचा. त्यात पाण्याने अशा पोकळ्या होत नाहीत, आणि अजिंठा-वेरूळ माणसांनी छिन्नीने खोदले आहे, त्यामुळे गुहा दिसली की ती कोणी खोदली असे माझ्या मनात आपोआप येते. इथे कोणीच खोदलेले नव्हते. हे मला समजावून घ्यायला वाटाड्याची गरज पडली नाही, कारण आमच्या स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी हाही चुनखडकच आहे. ओट्याजवळ जिथे लिंबू पिळताना वर्षानुवर्षे थेंब पडले तिथे फरशीची तकतकी जाऊन पांढरट डाग उमटले आहेत, ते कितीही घासले तरी निघत नाहीत, कारण तो वर बसलेला मळ नसून आंबटाने खाल्लेला दगड आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन लिंबापेक्षा कितीतरी सौम्य असे आंबट होते, कड्याच्या भेगांतून झिरपते, जाताना चुना विरघळवून नेते, आणि छताशी लोंबणाऱ्या थेंबातून तो वायू निसटला की तोच चुना तिथे पुन्हा धरतो. वरून पाऊस हे करतो आणि खालून समुद्र. भरतीच्या रेषेवर लाटा आणि दगडाला चिकटून राहणारे, त्याला खरवडणारे जीव मिळून कड्याला आडवी खाच पाडतात. फांग-ङा उपसागरातल्या बेटांचे पायथे त्यामुळे कंबरेत आवळल्यासारखे दिसतात. काही खाचा आजच्या भरतीच्या पाण्यापेक्षा बऱ्याच वर आहेत, कारण काही हजार वर्षांपूर्वी तिथला समुद्र आजच्यापेक्षा काही मीटर उंच होता. हे सगळे मी मन लावून पाहिले. मला ते फार आवडले. काकूंना दाखवलेल्या छायाचित्रांत खाचांचीच जास्त आहेत, आणि त्यांनी ती भराभर पुढे सरकवली.

गोष्टी मात्र वाटाड्याकडूनच ऐकल्या. जाताना होडीत त्याने सांगितले की फार प्राचीन काळी हिंदुस्थानातून निघालेल्या एका राजकन्येचे जहाज या किनाऱ्याजवळ वादळात बुडाले आणि तिचा आत्मा या गुहेत राहायला आला. कोळी समुद्रावर जाण्याआधी तिला काही वाहतात आणि सुखरूप परत येण्याचे आणि चांगल्या मासळीचे मागणे मागतात. परतताना त्यानेच दुसरी गोष्ट सांगितली, की इथे एका लग्नात भांडण पेटले, त्या गोंधळाने तपोभंग झालेल्या ऋषीने शाप दिला, माणसांचे आणि घरांचे डोंगर झाले आणि नवरीच्या घराची ही गुहा झाली. यातली खरी कोणती, असे आमच्यापैकी एकाने विचारले तेव्हा वाटाड्याला प्रश्नच नीट कळला नाही, आणि तो न कळणे मला रास्त वाटले. जवळच फांग-ङामध्ये १९७४ च्या एका इंग्रजी चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झालेला को तापू नावाचा सुळका आहे; त्याबद्दल सांगतात की एका कोळ्याच्या जाळ्यात मासळीऐवजी पुन्हा पुन्हा एकच खिळा येऊ लागला, शेवटी चिडून त्याने तो तलवारीने तोडला आणि त्याचा तुकडा उडून समुद्रात उभा रुतला. मला ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडली, कारण तिच्यात कोणी बाई मरत नाही.

आमच्या गावच्या गोष्टीत मरते. गड्ड्याची, म्हणजे सिद्धरामेश्वरांची, यात्रा नुकतीच झाली. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर सातही नंदीध्वज उभे राहिले, ‘सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्’ झाले, अक्षता पडल्या, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लागले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होम मैदानावर तिचे प्रतीक म्हणून बाजरीच्या पेंढ्यांना साडी नेसवून अग्नी दिला गेला. लहानपणापासून मी हे पाहते आहे आणि पांढऱ्या बाराबंदीतल्या त्या गर्दीत अजूनही माझा गळा दाटून येतो. पण कुठे पाण्यात, कुठे अग्नीत, गोष्ट पुढे जायला बाईच का जावी लागते, हा प्रश्न यंदा अक्षता टाकताना पहिल्यांदा मनात आला. तो इथेच सोडते.

तर ओटी. गुहेत गेलो तेव्हा परदेशी मंडळी हसत होती, छायाचित्रे काढत होती आणि पुन्हा हसत होती, आणि ती का हसत होती ते पुढे लिहीनच. त्या गर्दीतून तिथलीच एक बाई आली. साधारण माझ्याच वयाची असावी. तिने चपला बाजूला काढल्या, उदबत्त्या पेटवून वाळू भरलेल्या भांड्यात खोचल्या, पिशवीतून एक गुलाबी झुळझुळीत कापड काढून ते तिथल्या खांबाला बांधले, त्याची गाठ एकदा सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली, आणि हात जोडून ओठ हलवत बराच वेळ बसून राहिली. हसणारे आपोआप गप्प झाले नाहीत. ते हसतच होते, आणि तिला त्याचे काही नव्हते. मी एका लवणस्तंभाच्या आडोशाला उभी राहून हे सगळे पाहत होते.

दुपारपासून मला खुपते आहे ते हे आडोशाला उभे राहणे. इथे देवळात गेले की हल्ली माझी एक जागा ठरलेली आहे, खांबापाशी, जिथून दर्शन होते आणि कोणाच्या ताटाच्या वाटेत येत नाही. ती जागा मला कोणी नेमून दिलेली नाही. रूपाभवानीला नवरात्रात बायका ओट्या घेऊन ओळीने पुढे सरकतात तेव्हा कोणीतरी मला हळूच विचारते, तुम्ही इथे थांबता का, आणि मी थांबते, कारण विचारणारीच्या चेहऱ्यावरचा अवघडलेपणा मला स्वतःच्या अवघडलेपणापेक्षा लवकर दिसतो. पण क्राबीला मला ओळखणारे कोणी नव्हते. तिथल्या देवीला माझी हकिकत माहीत नव्हती, तिथल्या बायकांना माझ्या गळ्यात काय आहे आणि काय नाही याच्याशी देणेघेणे नव्हते. आणि तरी इतका समुद्र ओलांडून गेलेली मी तिथे खांबच शोधला. हे लिहिताना मला स्वतःची इतकी कीव आली की दिवा बंद करून झोपावे असे वाटले. यांच्याबरोबर जायचे ठरले होते ते ठिकाण क्राबी नव्हते, अंदमान होते. तिथेही चुनखडकाच्या गुहा आहेत, बाराटांगला, खारफुटीच्या खाडीतून होडीने जावे लागते. ते आता राहू दे.

दिवा बंद केला नाही, याचे कारण काकू पाणी प्यायला उठल्या आणि मला वहीपुढे बसलेली पाहून समोरच्या खुर्चीत बसल्या. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी विचारले, ‘‘तिथले लोक काय वाहतात तिला?’’

हा प्रश्न कधीतरी येणार, याची मला दुपारपासून धास्ती होती, कारण छायाचित्रे दाखवताना गुहेतली नेमकी ती छायाचित्रे मी गाळली होती. फ्रा नांगला कोळी लाकडी लिंगे वाहतात. प्रतीकरूप म्हणण्याइतकीही ती संकोची नाहीत. हुबेहूब कोरलेली, बहुतेक लाल रंगवलेली, हाताएवढ्यापासून लहान मुलाच्या उंचीपर्यंतची, वाळूत ओळीने आणि ढिगाने उभी केलेली, काहींना झेंडूच्या माळा, काहींना रेशमी फडकी. लाकूड जुने होते तसे ते चिरते आणि रंगाचे पोपडे निघतात. नव्यांचा रंग शेजारच्या जुन्यांमुळे अधिकच भडक दिसतो. परदेशी मंडळी हसत होती ती यालाच. पंच्याऐंशी गाठलेल्या बाईला हे कसे सांगावे, याचा विचार करीत मी आधी ‘‘खण-नारळासारखंच काहीतरी’’ म्हणाले, त्यावर काकूंनी नुसते पाहिले, आणि मग मी मान खाली घालून जे आहे ते सांगून टाकले.

काकू हसल्या नाहीत आणि दचकल्याही नाहीत. ‘‘मग त्यात एवढं दबकून सांगण्यासारखं काय आहे?’’ त्या म्हणाल्या. ‘‘ज्याचं पोट समुद्रावर आहे तो तिला आवडेल ते देणार. तू आपलं आपल्या रीतीनं द्यायचंस.’’

माझ्या पिशवीत तिथे शेंगाच्या चटणीची पुडी, पासपोर्ट आणि गुडघेदुखीचे मलम होते, हे मी त्यांना सांगितले. चटणी चालली असती, असे त्या म्हणाल्या, आणि मला हसू आवरेना. खरेच, बुडालेली का होईना, हिंदुस्थानातली राजकन्या; इतक्या काळानंतर तिला सोलापुरी शेंगाची चटणी कशी लागली असती, हा विचार दुपारच्या सगळ्या विचारांपेक्षा बरा होता.

मला वाटले होते की विषय इथे संपला, पण काकूंनी उठून ट्रंक उघडली आणि तळातून एक गुळेदगुड्डी खण काढला, अंजिरी रंगाचा, घडीवर थोडा विटलेला. वरच्या मजल्यावरचा मुलगा पुढच्या महिन्यात ऑफिसच्या मित्रांबरोबर थायलंडला निघाला आहे, त्याच्याजवळ हा द्यायचा, असे त्यांचे ठरले आहे. नारळ विमानात नेऊ देतील की नाही ते त्याने विचारून घ्यावे, नाहीतर तिथेच विकत घ्यावा, पैसे त्या देणार आहेत. मी विचारले, ओटी कोणाच्या नावाने. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी वारच विसरले आहे, आणि म्हणाल्या, ‘‘तुझ्या. गेली होतीस ना तू?’’

मी पुढे काही विचारले नाही. खण आता टेबलावर ठेवला आहे आणि त्याच्या शेजारी, काकूंच्या सांगण्यावरून, मी कागदावर पत्ता लिहिला आहे: आओ नांगहून होडी, रेले, फ्रा नांगचा किनारा, कड्याखालची गुहा, होडीच्या टोकावर पाय ठेवू नये. फक्त तो मुलगा मित्रांबरोबर बँकॉकला आणि पटायाला चालला आहे, तिथून क्राबी म्हणजे सोलापूरहून मुंबईला जाऊन परत येण्याएवढे अंतर आहे, आणि पटायाला गेलेली मुले खण घेऊन कुठल्या देवीला शोधत निघतील असे मला वाटत नाही. हे मी काकूंना सांगून पाहिले. देश एकच आहे ना, असे विचारून त्या झोपायला गेल्या.