सीमाभागात जन्मलेला पंतप्रधान : येझी बुझेक

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकांना युरोपातला एकच नेता सुचवायचा, तर मी येझी बुझेक यांचं नाव घेईन. १९४० साली ते जन्मले त्या स्मिलोविट्से गावाच्या टापूवर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया, दोघांचाही दावा होता. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे.

पेशाने रसायन अभियंता, सॉलिडॅरिटी या पोलंडमधल्या साम्यवादविरोधी कामगार चळवळीतले कार्यकर्ते, १९९७ ते २००१ पोलंडचे पंतप्रधान. १९९९ मध्ये त्यांनी शिक्षण, आरोग्य, पेन्शन आणि प्रशासन या चारही सुधारणा एकदम लागू केल्या. ४९ प्रांतांचे १६ झाले. माझ्या मते गणित इथेच बिघडलं: त्रास लगेच, फायदा उशिरा. २००१ मध्ये त्यांची आघाडी ५.६ टक्क्यांवर घसरली. तिथे जागा मिळवायला पक्षाला ५ टक्के मतं पुरतात, आघाडीला ८ लागतात. त्यामुळे कनिष्ठ सभागृहात एकही जागा नाही! मतविभागणीचे चटके सोसलेल्या आपल्या सीमाभागाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

२००४ ते २०२४ ते युरोपियन संसदेत होते. १४ जुलै २००९ रोजी ५५५ मतांनी अध्यक्ष झाले. पूर्वीच्या साम्यवादी देशांच्या गटातून आलेले पहिलेच. पुढे त्यांनी गॅसपुरवठ्याच्या २०१७ च्या नियमावलीची संसदेतली धुरा सांभाळली: टंचाईत घरं आणि इस्पितळांसाठी शेजारी देशाने गॅस द्यायचा, मोबदला घेऊन.