ग्लेन्को ते स्काय

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर, पोर्ट्री गावात पोचलो. अंग अजून बसमध्येच हलतंय.

सकाळी एडिंबरा सोडल्यापासून आई पेंगत होती, ग्लेन्कोची दरी आली आणि खिडकीला चिकटलीच. "अगं, हा तर आपला माळशेज! झाडं तेवढी काढून घेतलीत."

ड्रायव्हरच गाईड, तोही किल्ट घालून. १६९२ च्या फेब्रुवारीत मॅकडॉनल्ड कुळातल्या लोकांनी इथे सैनिकांना जवळजवळ दोन आठवडे घरात ठेवून जेवू घातलं, आणि त्याच पाहुण्यांनी पहाटे यजमानांना कापलं. त्याने हे सांगितलं तशी बस गप्प झाली. आई पुटपुटली, "खाल्ल्या मिठाला..." एवढंच.

बेटावर बोटीने जायची माझी हौस १९९५ च्या पुलाने दोन मिनिटांत संपवली. पाऊस चारदा आला, चारदा गेला. ओल्ड मॅन ऑफ स्टॉर हा सुळका उद्या. धुक्याने दाखवला तर.