लिंच सिंड्रोमची टेस्ट, कोलोनोस्कोपी आणि आमचं घराणं : माझा अनुभव

दादाचं हिमोग्लोबिन सात झालं होतं आणि कितीतरी महिने तो लोहाच्या गोळ्या खात होता. रक्त कुठे पडत नव्हतं, पोट दुखत नव्हतं, नुसता जिना चढला की धाप लागायची. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं की चाळिशीतल्या पुरुषाचं रक्त कमी होतंय तर ते जातंय कुठे, आणि कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं) करायला लावली. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. त्या बाजूच्या गाठीतून रक्त थोडं थोडं झिरपतं आणि शौचाला दिसतही नाही, हे तेव्हा कळलं.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण बायोप्सीच्या रिपोर्टात खाली एक ओळ होती, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही (पेशींमधल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी) प्रोटीन्स गाठीत दिसत नाहीत. ती ओळ वाचून कॅन्सरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात अजून कुणाला? आमचे वडील, अण्णा, आतड्याच्या कॅन्सरने पन्नाशीच्या आत गेले हे आम्ही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, बायकांपैकी कुणाला पिशवीचा? मी आणि वहिनी एकमेकींकडे बघतच राहिलो, कारण आत्याची पिशवी कॅन्सरमुळेच काढलीय, पण त्याचा अण्णांच्या दुखण्याशी काही संबंध असेल असं आमच्या घरात कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग जेनेटिक काउन्सेलरकडे (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणारे) गेलो. त्यांनी कागदावर आमचं घराणं काढलं, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला कॅन्सर त्याचा चौकोन किंवा गोल भरलेला, जो गेला त्यावर तिरकी रेघ. आजोबांबद्दल गावाकडे एवढंच सांगतात की "पोटाच्या दुखण्याने गेले", म्हणून तिथे प्रश्नचिन्ह. आईने अण्णांची रेक्झिनची जुनी बॅग जपून ठेवलीय, त्यात ऑपरेशनचा कागद सापडला, त्यावर वय 46. तो कागद काउन्सेलरने दोनदा वाचला. तुमच्याकडे असे जुने कागद असतील तर प्लीज टाकू नका, आणि ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गाठीचा मेणातला ब्लॉक शिल्लक आहे का तेही विचारा, त्यावरही तपासणी होऊ शकते.

मला वाटत होतं लगेच माझंच रक्त घेतील, पण नाही, आधी दादाचं. ज्याला कॅन्सर झालाय त्याच्यात नेमका कुठला बिघाड आहे ते सापडलं की मग बाकीच्यांचा तेवढाच बिघाड बघायचा असतो, ती टेस्ट स्वस्तही पडते आणि उत्तर पण सरळ हो किंवा नाही येतं. नाहीतर माझा रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्याचा अर्थ नक्की लागला नसता. दादाच्या एमएसएच२ जीनमध्ये दोष निघाला. लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याचा, पिशवीचा कॅन्सर होण्याची शक्यता वाढवणारा आनुवंशिक दोष. डॉ. हेन्री लिंच नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1960च्या दशकात अशी घराणी अभ्यासली, त्यांचं नाव. आईवडिलांपैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता, मुलगा असो की मुलगी. आणि ज्याच्यात तो आलाच नाही त्याच्या मुलांना त्याच्याकडून जात नाही.

माझा पॉझिटिव्ह आला. रडले, खोटं कशाला सांगू. ह्यांनी त्या रात्री काही समजावलं नाही, नुसते शेजारी बसून राहिले, ते बरं वाटलं.

खरं अवघड काम पुढे होतं, नातेवाईकांना सांगणं. काका म्हणाले, पोरींची लग्नं व्हायचीत, हे बाहेर बोलू नका. त्यांची भीती मला कळते, पण मी पटवत राहिले की लपवलं म्हणून दोष जात नाही, तपासणी तेवढी राहून जाते. आत्या मात्र सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "माझी पाळी गेल्यावर परत अंगावरून जायला लागलं तेव्हा मी वर्षभर कुणाला बोलले नाही गं. पोरीला आजच फोन लाव." आतेबहिणीने त्याच आठवड्यात काउन्सेलरची वेळ घेतली.

आता कोलोनोस्कोपी. लिंचमध्ये पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर येणारे छोटे उंचवटे) शेकडोंनी नसतात (ते एफएपी नावाच्या दुसऱ्या आजारात, त्यात मुलांची तपासणी 10-12 वर्षांपासूनच सुरू करतात), इथे मोजकेच असतात पण कॅन्सरकडे फार लवकर वळतात, म्हणून साधारण 20-25 वयापासून दर एक-दोन वर्षांनी बघायचं. तपासणीपेक्षा आदला दिवसच जड जातो. पातळ पेज, गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, भाज्या बिया काही नाही. मग पावडर दोन लिटर पाण्यात, अर्धी संध्याकाळी अर्धी पहाटे. खारट गुळचट चव, मी फ्रीजमध्ये गार करून लिंबू पिळून प्यायले तेव्हा कुठे उतरली. सिस्टर म्हणाल्या होत्या लघवीसारखं पिवळं स्वच्छ पाणी पडेपर्यंत प्यायचं, आणि ते पाळाच, कारण उजव्या बाजूचे चपटे पॉलिप थोडी घाण राहिली तरी दिसत नाहीत. आत झोपेचं इंजेक्शन देतात, मला काही कळलं नाही. एक चपटा पॉलिप होता, तिथल्या तिथे तारेच्या फासाने कापून काढला, बायोप्सीत अडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी गाठ) आला, कॅन्सर नाही. तो वर्षानुवर्षं तसाच राहिला असता तर, हा विचार मला अजून येतो.

पिशवीचं अजून ठरायचंय. गायनॅक म्हणतात मूल नको असेल तर चाळिशीच्या आसपास पिशवी आणि अंडाशय काढण्याचा विचार करा, तोवर सोनोग्राफी आणि पिशवीच्या आतली बायोप्सी. ॲस्पिरिनचंही विचारलं, लिंचच्या लोकांवर मोठा अभ्यास झालाय आणि त्यात आतड्याचा कॅन्सर कमी झालेला दिसला, पण किती घ्यायची आणि कुणी घ्यायची ते डॉक्टरच ठरवणार, मनाने सुरू करू नका.

लेक नऊ वर्षांची आहे. तिची टेस्ट आत्ता करायची नाही असं काउन्सेलरने स्पष्ट सांगितलं, 18 झाल्यावर तिचं तिने ठरवायचं. तिच्यासाठी दादाच्या आणि माझ्या रिपोर्टच्या झेरॉक्स एका फाइलीत लावल्यात, वर जीनचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलंय. काकांनी परवा स्वतःहून फोन करून विचारलं, ती रक्ताची टेस्ट कुठे करतात. पत्ता पाठवलाय.